गोचिडीच्या भीतीचा जमाखर्च



पावसाळा सरत आला की आपला मोडनिंबचा कोरडा माळही हिरवा दिसू लागतो. बांधावर गुडघाभर गवत होते. त्याच गवतातून आपल्या आयाबहिणी खुरपायला जातात, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येतात. शेळ्यामेंढ्या राखणारी पोरे दिवसभर त्यातच बसतात. आणि आता आपल्या वस्तीत साखर व रक्तदाब असणारे लोक वाढल्यामुळे, डॉक्टरांनी सांगितले म्हणून सकाळी माळाच्या वाटेने फिरायला जाणारेही बरेच झाले आहेत. ही चांगली गोष्ट आहे.

मात्र मधल्या काळात मोबाईलवर एक मजकूर हातोहात फिरला. गोचीड चावली की माणूस आठ दिवसांत दगावतो, त्यावर औषध नाही, गवतात पाऊल टाकू नका, असा त्याचा आशय होता. परिणाम असा झाला की फिरायला जाणाऱ्यांपैकी काहींनी फिरणेच बंद केले. एका माउलीने नातवाला अंगणातल्या कुत्र्यापासून तोडले. पण खुरपायला जाणाऱ्या बाईने काय केले? ती दुसऱ्या दिवशीही गेली, कारण तिला रोज बुडवून चालत नाही. म्हणजे ज्याला धोका थोडा तो घरी बसला आणि जिला धोका जास्त ती भीती पदरात बांधून कामाला गेली. तिला उपाय कोणीच सांगितला नाही. या प्रकाराबद्दल आम्हांला बोलणे आवश्यक वाटते.

आम्ही डॉक्टर नाही. आयुष्य हिशेबाच्या वहीत गेलेले कारकून आहोत. पण हिशेबाची एक शिस्त असते. रक्कम किती, कोणाच्या नावावर, कोणत्या महिन्यात, हे विचारल्याशिवाय खतावणीत नोंद होत नाही. भीतीचीही नोंद अशीच विचारून करावी, एवढेच आमचे म्हणणे.

गोचीड म्हणजे काय

गोचीड हा किडा नाही. तिला आठ पाय असतात, ती कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातली आहे. तिला पंख नाहीत, तिला उडी मारता येत नाही. झाडावरून ती अंगावर झेप घेते हीसुद्धा ऐकीव गोष्ट आहे. बहुतेक गोचिड्या गवताच्या शेंड्यावर किंवा झुडपाच्या पानावर पुढचे पाय पसरून बसतात आणि जनावर किंवा माणूस घासून गेला की चिकटतात. काही जाती गोठ्याच्या भिंतीतल्या भेगांत लपून राहतात. अंड्यातून निघालेले पिल्लू मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असते. त्याला सहाच पाय असतात. पुढच्या अवस्थेत आठ होतात. प्रत्येक अवस्थेत तिला एकदा तरी पोटभर रक्त लागते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणून गोठ्यातली एक फुगलेली गोचीड जमिनीवर सोडून देणे म्हणजे पुढच्या हंगामाचे बियाणे पेरण्यासारखे आहे.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक गोचिडीत रोग नसतो. आपल्या गुराढोरांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या गोचिड्या आहेत, आणि त्या काढता काढता आपली माणसे म्हातारी झाली आहेत. गोचीड चावल्यावर बहुतेक वेळा थोडी खाज आणि लाल गाठ येते, आणि ती आठवडाभरात जाते. रोग व्हायला त्या जातीची गोचीड लागते, तिच्या पोटात त्या रोगाचे जंतू लागतात, आणि ते जंतू टिकून राहतील असा प्रदेशही लागतो. हे सगळे जिथे जुळते तिथेच धोका असतो.

सिंधुदुर्गात काय घडले

महाराष्ट्रात हे जुळल्याचे ठळक उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातले आहे. २०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातील केर या गावी तापाची साथ सुरू झाली. एकाएकी कडक ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे, अंग मोडून येणे, आणि काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त. तपासणीत तो माकडताप निघाला. त्या हंगामात तालुक्यात शंभरावर माणसांना हा रोग झाल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पुढल्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात तो दिसला. त्याआधी २०१५ साली शेजारच्या गोव्यात, सत्तरी तालुक्यातील पाली गावी तो येऊन गेला होता.

या रोगाचे मूळ कर्नाटकात आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि त्याच गावांतली माणसेही तापाने आजारी पडली. आपल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तिथे जाऊन शोध घेतला. सुरुवातीला आफ्रिकेतला पीतज्वर भारतात आला की काय अशी शंका होती. शोधाअंती हा वेगळाच विषाणू निघाला. तो जंगलातल्या उंदीर, चिचुंदरी, खार यांच्यात आणि गोचिडांत राहतो. माकडाला गोचीड चावली की माकड मरते आणि त्याच्या अंगावरच्या गोचिड्या त्या जागी पसरतात. तिथून माणूस चालत गेला की त्याला त्या चावतात. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही.

आता पाहा, केरमध्ये कोणाला झाला? काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना, सरपण आणि पालापाचोळा आणायला रानात जाणाऱ्यांना, गुरे चारणाऱ्यांना. गोचिडीची बारीक पिल्ले जोरात असतात ते डिसेंबर ते मे हे महिने, आणि काजूचा हंगामही त्याच दिवसांत. पोट आणि रोग एकाच वाटेवर आले. डांबरी रस्त्याने फिरून गाडीत बसणाऱ्या सहलीच्या माणसाचा आणि दिवसभर पाचोळ्यात वाकून बी वेचणाऱ्या बाईचा धोका एक नाही.

हा रोग साधा नाही हेही सांगितले पाहिजे. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी काहींना पुन्हा ताप येऊन डोक्याचा त्रास होतो. या विषाणूवर खास औषध नाही, पण वेळेवर दवाखान्यात दाखल होऊन सलाईन, रक्ताची तपासणी आणि नीट देखरेख मिळाली तर बहुतेक लोक बरे होतात. कर्नाटकात कित्येक वर्षे एक लस दिली जात होती. तिचा उपयोग कमी पडतो असे दिसल्यावर २०२२ साली ती थांबवण्यात आली आणि नव्या लशीचे काम हाती घेण्यात आले.

तरीही आकडा लक्षात ठेवा. सगळ्या देशात मिळून या रोगाचे वर्षाला साधारण ४०० ते ५०० रुग्ण होतात असा अंदाज सांगितला जातो, आणि ते जवळपास सगळे सह्याद्रीच्या ओल्या जंगलपट्टीत, कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, गोवा आणि आपले सिंधुदुर्ग इथे. माढा तालुक्याचा कमी पावसाचा उघडा माळ म्हणजे ती जंगलपट्टी नव्हे. मोडनिंबच्या माळावर सकाळी फिरताना माकडतापाची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र आपल्यापैकी कोणी हंगामाला कामासाठी तिकडे जात असेल, किंवा मुलांची सहल आंबोली-दोडामार्गकडे जाणार असेल, तर पुढे दिलेली काळजी जरूर घ्यावी. आणि तिकडून आल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला "आम्ही सिंधुदुर्गच्या रानात गेलो होतो" हे आधी सांगावे. त्या एका वाक्याने निदान सोपे होते.

काँगो ताप

दुसरे नाव मोबाईलवर फिरते ते काँगो तापाचे. क्रिमियात १९४४ साली आणि पुढे काँगोत १९५६ साली सापडलेला हा विषाणू. भारतात तो पहिल्यांदा सिद्ध झाला जानेवारी २०११ मध्ये, गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट या गावच्या एका बाईला. ती तर गेलीच, पण तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका हेही त्याच रोगाने गेले. कारण हा रोग रुग्णाच्या रक्तातूनही पसरतो. यात मृत्यूचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते ४० टक्के आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने यासाठी सावधगिरीचा इशारा दिला होता.

हा रोग भयंकर आहे, पण तो क्वचित होतो. आणि तो कोणाला होतो हे पाहण्यासारखे आहे. गोचिड्या उघड्या हाताने चिरडणाऱ्याला, नुकत्याच कापलेल्या जनावराचे रक्त हाताला लागणाऱ्याला, आणि रुग्णाची सेवा करणाऱ्याला. जनावर मात्र वरून धडधाकट दिसते. नीट शिजवलेल्या मटणातून तो होत नाही. ढोरे ओढण्या-फाडण्याचे काम आपल्या आजा-पणजांनी स्वाभिमानासाठी टाकले. पण कत्तलखान्यात, कातड्याच्या गोदामात, बाजारात शेळ्यामेंढ्या चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आजही आपल्यासारखीच गरीब माणसे आहेत. त्यांच्या हातात हातमोजे असले पाहिजेत. ते देण्याची जबाबदारी मालकाची आहे.

ज्याची खरी आठवण ठेवावी तो ताप

आता आम्ही जे सांगणार आहोत ते मोबाईलच्या मजकुरात नव्हते, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

गोचिडीमुळे होणारा एक टायफस ताप आपल्या देशात आणि आपल्या राज्यात होतो. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे, नावे सारखी असली तरी रोग वेगळे आहेत. हा टायफस कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीपासूनही होतो. म्हणजे त्यासाठी जंगल लागत नाही, अंगण पुरते. कडक ताप, डोकेदुखी, आणि तीन-चार दिवसांनी अंगावर लाल पुरळ, जे तळहात आणि तळपायांवरही उठते. लहान मुलांत तो बरेचदा दिसतो. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ साली लक्षणांना गुण देऊन हा ताप लवकर ओळखण्याची एक पद्धत मांडली होती. तळहात-तळपायावरचे पुरळ आणि गोचिडीशी आलेला संबंध या खुणांना त्यात महत्त्व आहे.

त्याचाच भाऊबंद म्हणजे स्क्रब टायफस. तो गोचिडीमुळे होत नाही, झुडपातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या चिगर नावाच्या माइटच्या पिल्लांमुळे होतो. चावल्या जागी बिडीने भाजल्यासारखी काळी खपली पडते, तीही काखेत, जांघेत, कमरेला, म्हणजे कोणी सहज पाहत नाही अशा जागी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे रुग्ण वाढले आणि माणसे दगावली, हे वाचकांना आठवत असेल.

या दोन्ही तापांवर औषध आहे. डॉक्सिसायक्लिन नावाची जुनी, स्वस्त गोळी. एका गोळीला चहाच्या कपाएवढे पैसे पडत नाहीत असे म्हटले तरी चालेल. ती वेळेवर सुरू झाली तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला तर हाच ताप मूत्रपिंड, फुप्फुस आणि मेंदूपर्यंत जातो आणि मग घरदार विकूनही माणूस हाती लागेल याची खात्री नसते.

मग उशीर का होतो? आपल्या वस्त्यांत ताप आला की पहिले दोन-तीन दिवस अंगावर काढले जातात, कारण खाडा केला तर हजेरी जाते. त्यानंतर जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन, एक सलाईन, चार रंगीत गोळ्या आणि तीनशे-चारशे रुपये. ताप उतरत नाही. मग टायफॉइड म्हणून औषध, मग मलेरिया म्हणून औषध. या सगळ्यात आठ दिवस जातात. कोणी कपडे काढून काळी खपली शोधत नाही, आणि आपणही "घरात कुत्रा आहे, गोठ्यात गोचिड्या आहेत, मी गवत कापायला जाते" हे सांगत नाही. कारण ते विचारलेले नसते. गोचीड वाईट खरीच, पण आपल्या माणसांचा जीव जास्त करून या आठ दिवसांत धोक्यात येतो. म्हणून हे आठ दिवस वाचवा, एवढी आमची हात जोडून विनंती आहे.

एक सूचना मात्र करतो. ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणून खाऊ नये. गरोदर बाईला आणि लहान मुलाला काय द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. आपण फक्त विचारायचे: "डॉक्टरसाहेब, हा टायफस तर नसेल ना?" हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि यात डॉक्टरांचा अपमानही नाही.

जमाखर्च मांडू

आता वहीची दोन पाने उघडू. चालणाऱ्या माणसाला कशाकशाचा धोका आहे?

पहिली नोंद, रस्ता. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. भागाकार करा, रोज सुमारे नव्वद. यांत बंगलेवाले थोडे. रस्ता ओलांडून कामावर जाणारे, शाळेत जाणारे, एस.टी.साठी उभे राहणारे जास्त. आपल्या गावाशेजारून पुणे-सोलापूर महामार्ग धडधडत जातो. पहाटेच्या अंधारात काळी शाल पांघरून त्या रस्त्याच्या कडेने फिरायला जाणारे आम्ही पाहतो. तेच लोक गोचिडीच्या भीतीने माळाची वाट सोडून महामार्गाला आले असतील, तर लहान धोका टाळायला मोठ्या धोक्याच्या दारात जाऊन बसले असे म्हणावे लागेल.

दुसरी नोंद, साप. २००० ते २०१९ या वीस वर्षांच्या अभ्यासात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात असा अंदाज निघाला, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. तिथेही बळी बहुधा खेड्यातला, शेतात राबणारा.

तिसरी नोंद, न चालण्याचा धोका. हा आपण मोजतच नाही. साखर, रक्तदाब, हृदयविकार यांना आळा घालण्यासाठी आठवड्याला निदान १५० मिनिटे तरी चालण्यासारखा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. गोचिडीच्या भीतीने ज्याने फिरणे सोडले, त्याने एक अपवादात्मक रोग टाळण्यासाठी रोजचा रोग घरात आणून ठेवला.

चौथी नोंद, परदेशाची. मोबाईलवरचा बराच मजकूर अमेरिकेतला असतो. तिकडे लाइम नावाचा गोचिडीचा रोग आहे. कनेक्टिकट राज्यातल्या एका गावावरून त्याचे नाव पडले. तिथे वर्षाला सुमारे पावणेपाच लाख लोकांवर त्यासाठी उपचार होतात असा सरकारी अंदाज आहे. म्हणून तिथले लोक फिरून आले की अंग तपासतात, आणि ते बरोबरच आहे. पण ती गोचीड वेगळी, ते रान वेगळे. आपल्याकडे हा रोग क्वचितच नोंदला जातो. त्यांची खबरदारी घ्यावी, त्यांची धास्ती उसनी आणू नये.

आता बेरीज अशी येते. मोडनिंबच्या वाटेने फिरणाऱ्याला माकडतापाची भीती नको. काँगो ताप क्वचितच होतो, पण जनावरांचे काम करणाऱ्याने हात जपावेत. टायफस ताप होऊ शकतो, तो ओळखला तर स्वस्तात बरा होतो. आणि रस्ता व साप यांच्यापुढे ही सगळी रक्कम लहान आहे. लहान आहे म्हणून ती वहीतून खोडायची नाही, पण पहिल्या ओळीतही लिहायची नाही.

काय करावे

गवतात, झुडपात जायचे असेल तर पाय झाकावेत. पुरुषांनी पॅन्ट मोज्यात खोचावी. लुगडे-साडी नेसून काम करणाऱ्या भगिनींनी आत जुनी पॅन्ट किंवा लेगिंग घालावी आणि वरून जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. पायात बूट असावा. या बुटाने सापापासूनही बचाव होतो, म्हणजे एका खर्चात दोन कामे. फिरायला जाणाऱ्याने मधल्या मळलेल्या पायवाटेने चालावे, कडेच्या गवतात बसू नये. सिंधुदुर्गसारख्या भागात आरोग्य खात्यातर्फे अंगाला लावायचे गोचीड पळवणारे तेल मिळते, ते मागून घ्यावे. मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, आरोग्य किंवा वन खात्याला कळवावे.

घरी आल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि अंग पाहावे. कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत, गुडघ्यामागे. मुलांचे अंग आईने पाहावे. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावेत.

गोचीड चिकटलेली दिसली तर घाबरू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीच्या अगदी लगत धरावी आणि न पिळता, झटका न देता सरळ वर ओढावी. रॉकेल, चुना, तंबाखू, जळती काडी यांतले काहीही लावू नये. त्याने ती सुटण्याऐवजी पोटातला मळ जखमेतच ओकण्याची भीती असते. नखाने किंवा दगडाने चिरडू नये. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून मारावी. जखम आणि हात साबणाने धुवावेत. मग कॅलेंडरवर त्या तारखेवर खूण करावी. पुढचे तीन आठवडे ताप आला नाही तर विषय संपला. ताप आला, पुरळ उठले किंवा काळी खपली दिसली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि कॅलेंडरवरची तारीख सांगावी. तोवर तापाला साधी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या कडक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, कारण रक्त वाहण्याचा धोका असलेल्या तापात त्या घातक ठरतात. नाका-तोंडातून रक्त, झटके, भ्रम, लघवी कमी होणे, अशी चिन्हे दिसली तर १०८ क्रमांकाला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्यावे.

गोठ्याकडेही लक्ष द्या. गोचिडीने माणूस क्वचित मरतो, पण संकरित गाय मात्र खरोखरच मरते. थायलेरिया आणि बबेसिया हे दोन्ही रोग गोचिड्याच पसरवतात. गाय तापाने फणफणते, दूध आटते, लघवी लाल होते, आणि कर्जावर घेतलेली गाय चार दिवसांत जाते. म्हणून जनावरांच्या दवाखान्यातून औषध विचारून, सांगितल्या मापानेच ते लावावे. गोठ्याच्या भेगा बुजवाव्यात, शेण-कचरा रोज काढावा. शेतातल्या फवारणीचे औषध जनावराच्या, कुत्र्याच्या किंवा मुलांच्या डोक्याला कधीही चोळू नये. त्या विषाने मूल जाऊ शकते. अंगणातल्या कुत्र्याला हाकलू नका, त्याच्या गोचिड्या काढा.

वस्तीने करायचे काम

ही सगळी काळजी एकट्याने घेण्याची नाही. बूट आणि हातमोजे ही चैन नाही, ती अवजारे आहेत. खुरपे जसे लागते तसे तेही लागतात. मुकादमाकडे, बागाइतदाराकडे दहा बायकांनी मिळून ते मागितले तर मागणीला वजन येते. महिला मंडळांनी आपल्या आशाताईंना एखाद्या रविवारी बोलावून तापाची ही लक्षणे समजून घ्यावीत. तरुण मंडळांनी ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा. रस्त्याला वळणापाशी दिवे, शाळेपाशी गतिरोधक, फिरण्याच्या वाटेकडेचे गवत कापणे, आणि आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिन व सर्पदंशाची लस कायम शिल्लक आहे ना याची चौकशी. अर्जाची पोच घ्यावी, तारीख टाकून जपून ठेवावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे आम्ही कचेरीत बसून रोज पाहतो.

आणि मोबाईलवर असा मजकूर आला तर तो पुढे ढकलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हा रोग कुठे आहे? तो कोणाला होतो? त्यावर काय करायचे? ज्या मजकुरात या तिन्हींचे उत्तर नाही, तो तिथेच थांबवावा. सकाळी चालणाऱ्यांनी उद्यापासून पुन्हा चालायला लागावे. महामार्ग सोडून, उजेड झाल्यावर, पायात बूट घालून.